मैदानात चढायची जाळी बसवताना दोरीचा प्रश्न चौथा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या मैदानात मुलांसाठी दोरीची चढायची जाळी बसवायची आहे. दोन लोखंडी खांब, त्यांच्यात चार मीटर अंतर, मध्ये तीन मीटर उंचीची उभी जाळी. १५ सेंटीमीटरच्या चौकोनी घरांची तयार जाळी विकत मिळते आहे. खाली सध्या गवत आहे. तर दोरी कोणती घ्यावी, किती जाड घ्यावी आणि ती किती वर्षं टिकेल?

मी अशा जाळ्या विणतो, बसवतो आणि दुसऱ्यांनी बसवलेल्या तपासून देतो. जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात दोरीपासूनच करतो. ते साहजिक आहे, कारण डोळ्यांना दिसते ती दोरी आणि मनात भीती असते ती दोरी तुटण्याची. पण धडधाकट दोरी मुलांच्या वजनाने तुटणं ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. मुलांना इजा होते ती खाली कडक जमिनीवर आपटून. जीव धोक्यात येतो तो जाळीच्या घरात डोकं अडकून. आणि अख्खं साधन कोसळतं ते खांब किंवा पाया कमी पडल्यामुळे. म्हणून मी उत्तर त्याच क्रमाने देतो: आधी जमीन, मग घराचं माप, मग खांब, आणि शेवटी दोरी. पैसेही याच क्रमाने खर्च करा. शेवटी कमी पडले तर जाळी लहान करा, पण जमिनीवरचा खर्च कापू नका.

त्याआधी एक गोष्ट लगेच सांगतो, कारण तिला उशीर परवडणार नाही. ती १५ सेंटीमीटरची जाळी घेऊ नका. आगाऊ रक्कम दिली असेल तर परत मागा, नाही मिळाली तर सोडून द्या. कारण पुढे येईलच.

आता जमीन. खेळसाधनांवर होणाऱ्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा खाली पडण्याचा असतो, आणि जाळी हे तर पडण्याची शक्यता गृहीत धरूनच बनवलेलं साधन आहे. मूल हात सुटेपर्यंत वर जाणार, कधीतरी हात सुटणार, आणि त्यातूनच ते शिकणार. आपलं काम एवढंच की त्या पडण्याची किंमत खरचटणं किंवा फार तर एखादं हाड एवढीच राहावी, डोक्यापर्यंत जाऊ नये. डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचं एचआयसी नावाचं मोजमाप आहे. युरोपीय मानक ईएन ११७७ त्याची मर्यादा १००० धरतं. एखाद्या जमिनीवर ज्या उंचीवरून पडल्यावर हा आकडा १००० होतो, त्याहून उंच साधन त्या जमिनीवर उभं करायचं नाही, असा साधा नियम. काँक्रीट, डांबर, फरशी यांच्यासाठी ती उंची इतकी कमी असते की त्यांच्यावर चढायचं साधन उभं करण्याचा प्रश्नच येत नाही.

गवताबद्दल लोकांचा फार गोड गैरसमज असतो. दाट, ओलसर, निगा राखलेलं गवत मीटर-दीड मीटरच्या पडण्यापुरतं चालतं. पण चढायच्या जाळीखाली गवत गवत राहतच नाही. मुलं तिथेच उड्या मारतात, तिथेच रांग लावतात, आणि थोड्याच दिवसांत त्या जागी टणक, गुळगुळीत मातीचा पट्टा उरतो. म्हणजे बसवताना तपासलेली जमीन आणि मूल प्रत्यक्षात जिच्यावर पडतं ती जमीन वेगळीच. तीन मीटरच्या जाळीखाली गवत अजिबात नको.

सैल भराव घ्या. वाळू, गोल खडी किंवा लाकडाचे तुकडे. वाळू साधारण ०.२ ते २ मिलिमीटर कणांची, धुतलेली, माती नसलेली हवी. युरोपीय मानक ईएन ११७६ नुसार दोन मीटरपर्यंतच्या पडण्यासाठी २० सेंटीमीटर आणि तीन मीटरपर्यंत ३० सेंटीमीटर थर लागतो, आणि पायांनी इकडेतिकडे सरकते म्हणून वर आणखी १० सेंटीमीटर धरायची. गोल खडी घेतली तर २ ते ८ मिलिमीटरची. फोडलेली, कोनदार खडी किंवा दगडाची भुकटी चालत नाही. तिचे कण एकमेकांत घट्ट बसतात आणि काही पावसांनंतर रस्त्याखालच्या भरावासारखा थर तयार होतो. वाळूत माती आहे का हे बघायला पारदर्शक बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळूवर गाळाचा स्पष्ट थर बसला तर ती वाळू इथे नको.

भराव किती दूरवर घालायचा? जाळीच्या सगळ्या बाजूंनी. दीड मीटरपर्यंतच्या उंचीला सभोवती दीड मीटर, आणि त्याहून वर उंचीच्या दोन तृतीयांशात अर्धा मीटर मिळवा. तीन मीटर उंचीला हे अडीच मीटर होतं. पडण्याची उंची नेमकी कुठून मोजायची यावर मानकांत बारकावे आहेत, पण तुम्ही सरळ जाळीचं वरचं टोक धरा. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होईल.

आता एक हिशेब करून बघा. चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच जाळीला नऊ बाय पाच, म्हणजे ४५ चौरस मीटर जागा लागते. ४० सेंटीमीटर थराने १८ घनमीटर वाळू. तीच जाळी दोन मीटर उंच केली तर सभोवती १.८३ मीटर पुरतात, जागा २८ चौरस मीटर होते, थर ३० सेंटीमीटर, आणि वाळू साडेआठ घनमीटरच्या आत बसते. उंची एक मीटरने कमी केली की वाळू निम्म्याहून कमी झाली. शिवाय तीन मीटर ही ईएन ११७६ मध्ये पडण्याच्या उंचीची कमाल मर्यादा आहे. पहिलंच साधन मर्यादेच्या टोकाला नेण्याचं कारण मला दिसत नाही. दोन मीटरच्या जाळीवर प्राथमिक शाळेच्या मुलांना वर्षानुवर्षं पुरेल इतकं खेळणं असतं. माझं स्पष्ट मत: दोन मीटर करा, आणि वाचलेल्या पैशांतून जाळी रुंद करा. रुंदी वाढली की एका वेळी जास्त मुलं चढतात, आडवं सरकता येतं, आणि ढकलाढकल कमी होते.

वाळूखाली पाणी निचरा होण्याची सोय करा, नाहीतर ती कुजकट वास धरते. आणि खांबांवर थराच्या पातळीची रेघ मारून ठेवा. रेघ उघडी दिसली की वाळू कमी झाली, हे शाळेतल्या कुणालाही कळतं. जाळीच्या पायथ्याशी खड्डा सर्वांत लवकर पडतो, आणि मुलं पडतात नेमकी तिथेच. रबराच्या लाद्याही चालतात, पण त्या किती उंचीसाठी चाचणी केलेल्या आहेत याचा लेखी दाखला मागा. नुसतं 'मऊ आहे' हे दाबून ठरत नाही.

आता घराचं माप. या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

लहान मुलाचं डोकं त्याच्या बाकी शरीराच्या मानाने मोठं असतं. त्यामुळे पाय आधी घालून एखाद्या फटीतून घसरताना कंबर जाते, छाती जाते, आणि डोकं अडकतं. मूल मानेवर लटकतं. मोठ्या माणसाला हे सहज सुचत नाही, कारण आपल्याला वाटतं डोकं गेलं तर सगळं जातं आणि डोकं नाही गेलं तर काहीच जात नाही. म्हणून मानकांनी दोन मापं ठरवली आहेत. एक सर्वांत लहान मुलाच्या धडाचं, ८९ बाय १५७ मिलिमीटर. दुसरं मोठ्या मुलाच्या डोक्याचं, २३० मिलिमीटर व्यासाचं. फट अशी हवी की लहान धडही जाणार नाही, नाहीतर अशी की मोठं डोकंही सहज बाहेर येईल. या दोन्हींच्या मधलं सगळं धोक्याचं.

लोखंडी गजांमधली फट मोजणं सोपं, कारण ती हलत नाही. दोरीचं घर मात्र आकार बदलतं. चौकोनाचा शंकरपाळा होतो, शंकरपाळ्याची चिंचोळी चीर होते. म्हणून दोरीच्या जाळीसाठी परीघ मोजतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या खेळमैदानांवरच्या पुस्तिकेत हा नियम साफ दिला आहे: जाळीच्या घराचा आतला परीघ १७ इंचांहून कमी असावा किंवा २८ इंचांहून जास्त. म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटरच्या आत, नाहीतर ७१ सेंटीमीटरच्या वर. घर कितीही वाकडंतिकडं झालं तरी परीघ बदलत नाही, म्हणून ही पद्धत मला फार आवडते. शिंप्याची मापपट्टी घ्या, घराच्या आतल्या कडेने फिरवा, झालं.

आता तुमची जाळी बघा. १५ सेंटीमीटरचं घर, चार बाजू, परीघ ६० सेंटीमीटर. बरोबर धोक्याच्या पट्ट्याच्या मधोमध. दुर्दैवाने माल चढवण्या-उतरवण्यासाठीच्या जाळ्या या मापाच्या सहज मिळतात, आणि त्या खेळासाठीही विकल्या जातात. तेच माप बघून लोक घरीही विणतात, कारण ते डोळ्यांना 'बरोबर' वाटतं. फार मोठं नाही, फार लहान नाही. तेच घातक आहे.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, १० सेंटीमीटरचं घर: परीघ ४० सेंटीमीटर. यात लहान मुलांचा पाय नीट बसतो, पायऱ्या जवळजवळ येतात, आरपार कुणी जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मी हेच करतो, आणि तेही तिरकं झुकवून. दुसरी, २० सेंटीमीटर किंवा त्याहून थोडं मोठं घर: परीघ ८० सेंटीमीटर. यातून मूल आरपार जाऊ शकतं, आणि मोठ्या मुलांना तेच हवं असतं. पण मग जाळीच्या दोन्ही बाजूंना सारखाच भराव हवा.

मापात एक मेख आहे. विकणारा जे माप सांगतो ते बहुतेक वेळा दोरीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं असतं. १६ मिलिमीटर दोरीने विणलेलं १८ सेंटीमीटरचं घर आतून १६.४ भरतं, परीघ जेमतेम ६६ सेंटीमीटर. कागदावर ७२ दिसलं होतं, प्रत्यक्षात पुन्हा धोक्यात. मापपट्टी आतूनच फिरवायची, आणि जाळीवर कुणीतरी उभं असताना पुन्हा एकदा. दोऱ्या एकमेकींवर सरकत असतील तर एक घर लहान होतं आणि शेजारचं मोठं, मग कुठलंच माप खरं उरत नाही. म्हणून छेद, म्हणजे दोऱ्या एकमेकींना ओलांडतात त्या जागा, पक्के हवेत. कसे करायचे ते पुढे सांगतो.

घरं मोजून झाली की कडा मोजा. माझ्या तपासण्यांत दोष सापडतात ते बहुधा मधल्या घरांत नाही, तर जाळी आणि खांब यांच्यामधल्या त्रिकोणी फटींत, वरच्या आडव्या नळीखाली, आणि तळाच्या दोरीखाली. जाळी ज्याने विणली त्याने घरं सारखी ठेवली, आणि ज्याने बांधली त्याने कडेला जे उरलं ते उरू दिलं. त्या प्रत्येक फटीला तोच परिघाचा नियम लागू आहे.

आडवी जाळी, म्हणजे चालायची किंवा लोळायची, हे प्रकरण वेगळं. तिच्यात मोठी घरं ठेवली तर मूल मांडीपर्यंत खाली जातं आणि गुडघा पिरगळतो. तिथे पाच ते आठ सेंटीमीटरची दाट वीण घ्या.

खांबांकडे वळतो. इथे दोरीचं गणित लोकांना चकवतं.

दोन खांबांमध्ये दोरी ताणून मधोमध मूल लटकलं, तर दोरीतला ताण मुलाच्या वजनाएवढा नसतो. तो झोळावर अवलंबून असतो. चार मीटर लांबीत २० सेंटीमीटर झोळ असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरीत वजनाच्या जवळपास पाचपट ताण येतो. ४० किलोचं मूल असेल तर २०० किलो. झोळ ५ सेंटीमीटरवर आणला तर वीसपट, म्हणजे ८०० किलो. प्रत्यक्षात दोरी थोडी लांबते आणि ताण काहीसा उतरतो, पण दिशा तीच. दोरी जितकी कसून ताणाल तितका खांबांवरचा भार वाढतो. 'टणटणीत ताणली म्हणजे मजबूत' हा समज उलटा आहे.

आता दहा मुलं घ्या. ईएन ११७६ च्या हिशेबपद्धतीत एका मुलासाठी ६९.५ किलो धरतात, ते १४ वर्षांच्या वजनदार मुलाचं वजन समजा. दहा मुलांसाठी सूत्राने ५८८ किलो येतात, आणि उड्या-हिसक्यांसाठी १.१ ने गुणल्यावर ६४७ किलो. हा सगळा भार वरच्या दोरीवर सारखा पसरला आणि झोळ २० सेंटीमीटर असला तर प्रत्येक खांबाच्या शेंड्याला आडवा ओढणारा जोर १६०० किलोंच्या पुढे जातो. तीन मीटर उंचीवर! एवढा जोर झेलायला नुसता जमिनीत रोवलेला खांब फार जाड आणि पाया फार मोठा लागतो. हलक्या खांबांचं काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे: ते हळूहळू आत झुकतात, जाळी सैल होते, कुणीतरी ती पुन्हा ताणतं, खांब आणखी झुकतात.

उपाय सोपा आहे. वरती आडवी लोखंडी नळी घाला आणि चौकट करा. मग जाळी नळीला ठिकठिकाणी टांगली जाते, मुलांचं वजन खांबांतून सरळ खाली उतरतं, आणि खांबांना एकमेकांकडे ओढणारा जोर नळी अंगावर घेते. तुमच्या बेतातला हा बदल मी आग्रहाने सुचवतो. नळी आणि खांबांची जाडी, पायाची खोली हे माती बघून स्थापत्य अभियंत्याकडून ठरवून घ्या. त्याला वरचे आकडे दाखवा, नाहीतर तो फक्त मुलांचं वजन धरेल. पायाचं काँक्रीट वाळूच्या पातळीपासून निदान ४० सेंटीमीटर खाली संपलं पाहिजे. डोकं वर काढलेला काँक्रीटचा ठोकळा सगळ्या भरावावर पाणी फिरवतो. तळाची दोरी बांधायचे हूकही असेच भरावाखाली, जिथे कुणाचा पाय लागणार नाही. आणि तळ बांधाच. तळ मोकळा असला की चढणाऱ्याचे पाय पुढे पळतात, पाठ मागे कलते आणि मूल हातांवर लटकून राहतं. लाकडी खांब वापरणार असाल तर ते जमिनीलगत कुजतात एवढं लक्षात घ्या. लाकूड जमिनीच्या वर ठेवून खाली लोखंडी पाय द्या.

खरं सांगायचं तर उभी सपाट जाळी हा या प्रकारातला सर्वांत साधा अवतार. १९७० च्या दशकात जर्मन वास्तुविशारद कॉनराड रोलँड यांनी मुलांसाठी त्रिमितीय जाळ्या रचल्या. मध्ये एक खांब, चहूबाजूंनी खाली उतरणाऱ्या दोऱ्या, आणि आत दोऱ्यांचे थर. आज जगभरच्या बागांत दिसणारे दोरीचे पिरॅमिड त्याच कल्पनेचे वंशज आहेत. त्यांत वरून निसटलेलं मूल सरळ जमिनीवर न येता वाटेतल्या दोऱ्यांवर अडतं, म्हणून त्या जाळ्या जास्त उंच करता येतात. त्यांच्यासाठी ईएन ११७६ चा स्वतंत्र ११ वा भाग आहे. पण अशी जाळी स्थानिक कारागिराकडून अंदाजाने करून घेऊ नका. ती तयारच घ्यायची, आणि त्या भागानुसार तपासल्याचं प्रमाणपत्र मागायचं.

आता तुमचा मूळ प्रश्न, दोरी.

जाडी आधी. १६ मिलिमीटरचा चांगला पॉलिएस्टर दोर तुटायला काही टन ताण लागतो, तेव्हा ताकदीसाठी जाड दोर घ्यायची गरज नाही. जाडी ठरते ती मुलाच्या मुठीवरून. हाताने पकडायच्या गोष्टीचा व्यास १६ ते ४५ मिलिमीटर असावा असं मानक सांगतं. लहान मुलांची मूठ लक्षात घेता १६ ते २० मिलिमीटर उत्तम. त्याहून बारीक दोरी बोटांत आणि तळपायात रुतते.

साहित्यात पाच पर्याय पुढे येतील. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, हलकं, रंगीबेरंगी, म्हणून तेच सगळीकडे दिसतं. पण ऊन त्याला खातं. उन्हापासून संरक्षण करणारी द्रव्यं नीट मिसळलेली नसतील तर वरचे धागे पांढुरके होतात, कुसळं निघतात, हाताला भुकटी लागते. नायलॉन झिजायला चिवट आहे, पण पाणी पितं. भिजलं की थोडं लांबतं आणि कमजोर होतं, म्हणून पावसात जाळी लोंबते आणि वाळल्यावर पुन्हा आवळते. पॉलिएस्टर भिजलं तरी फारसं बदलत नाही, कमी लांबतं आणि ऊन चांगलं सोसतं. लोखंडी तार नसलेली जाळी करायची असेल तर मी पॉलिएस्टरच घेतो. काथ्या, ताग, अंबाडी यांचे दोर दिसायला सुंदर, हाताला उबदार, पण ते आतून कुजतात. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या दोराचे पेड उलगडले की आत भुसा निघतो. बाहेर पावसात कायमची टांगायची जाळी यांची करू नका.

विकणारा पॉलिएस्टर म्हणून पॉलिप्रॉपिलीन देतो आहे का, हे ओळखायला एक तुकडा कापा, धागे पूर्ण मोकळे करा आणि पाण्यात चुरून आतली हवा काढून टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं. पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात. धागे मोकळे न करता अख्खा तुकडा टाकला तर हवेमुळे काहीही तरंगतं आणि परीक्षा फसते.

पाचवा पर्याय म्हणजे पोलादी तारेचा गाभा असलेला खेळमैदानी दोर. यात साधारण सहा पेड असतात, प्रत्येक पेडाच्या आत जस्त चढवलेल्या तारा आणि वर पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं आवरण. तो चाकूने सहज कापला जात नाही, लांबत नाही, घरांचा आकार वर्षानुवर्षं तसाच ठेवतो. महाग आहे, आणि त्याचे छेद धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या जोडण्यांनी दाबयंत्राने पक्के करावे लागतात, म्हणजे कारखान्यातच. रात्री कुणी राखण करत नाही अशा उघड्या सार्वजनिक मैदानात मी दुसरं काही सुचवत नाही. शाळेच्या कुंपणाच्या आत पॉलिएस्टरने काम भागतं.

मासेमारीची जुनी जाळी, बांधकामावरची जाळी, गिर्यारोहणाचे निवृत्त दोर: देणाऱ्याचे आभार माना आणि घेऊ नका. त्यांची वीण, जाडी किंवा मागचा इतिहास यांपैकी काहीतरी नक्की चुकीचं असतं.

हाताने विणणार असाल तर तीन पेडी पिळाचा दोर घ्या आणि छेदावर एका दोराचे पेड उघडून दुसरा त्यातून ओवा. पुढच्या छेदावर उलट करा. असा छेद भार आला की आणखी आवळतो, सरकत नाही, आणि गाठीसारखा टेंगूळ होत नाही. गाठ दोराची ताकद साधारण निम्म्यावर आणते. पेड गुंफून केलेला जोड बहुतेक ताकद राखतो. कडेला जिथे दोर लोखंडी कडीला भेटतो तिथे धातूची खाच, म्हणजे थिंबल, घाला, नाहीतर घासून दोर तिथेच जाईल. शॅकलची, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीची, पिन हाताने उघडता येईल अशी ठेवू नका, मुलांची बोटं फार उद्योगी असतात. आणि विणून झाल्यावर एकही मोकळं शेपूट, एकही लोंबता फास जाळीवर राहता कामा नये.

हाच मुद्दा वापरतानाही. जाळीला कुणी उडी मारायची दोरी, ओढणी, कुत्र्याचा पट्टा बांधून ठेवला तर तो त्याच क्षणी काढायचा. सायकलचं हेल्मेट घालून कुणी चढायचं नाही: धड फटीतून गेलं आणि हेल्मेट अडकलं की हनुवटीचा पट्टा गळफास होतो. स्कार्फ, नाडीची टोपी, गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा खाली काढून ठेवायचा. शिक्षकांना आणि पालकांना या एवढ्याच सूचना द्या. 'सावकाश', 'पडशील' असं ओरडत राहण्याने काही साधत नाही, उलट मूल खाली बघतं आणि लय तुटते. आणि ज्या उंचीवर मूल स्वतः चढलं नाही, तिथे त्याला उचलून ठेवू नका. स्वतः चढलेल्या मुलाला कुठे पाय ठेवला होता हे ठाऊक असतं, म्हणून ते उतरू शकतं. वर ठेवलेल्या मुलाला परतीची वाट माहीत नसते.

जाळीवर इतका खर्च आणि जीव का लावायचा, असंही कुणी विचारेल. शिडीला एकच वाट असते, घसरगुंडीलाही. जाळीवर प्रत्येक पावलाला मूल स्वतः ठरवतं, आणि शेजारच्याने पाय हलवला की आपल्या हाताखालची दोरी हलते, त्याचाही अंदाज घेत जातं. भित्रं मूल खालच्या दोन ओळींवर आडवं चालत बसतं, आणि तेही पूर्ण खेळात असतं. दुसरं कुठलंच साधन धीट आणि भित्र्या मुलाला एकाच वेळी इतकी जागा देत नाही.

राहिला टिकण्याचा प्रश्न. वर्षांचा आकडा मी देत नाही, कारण तोच दोर सावलीत आणि रखरखीत उन्हात, दहा मुलांत आणि चारशे मुलांत वेगवेगळा टिकतो. त्याऐवजी तपासणीची सवय लावा. आठवड्याला एकदा नुसती नजर: वाळूची रेघ, फुटकी काच, बांधलेल्या दोऱ्या, कापलेली घरं. दर एक ते तीन महिन्यांनी हात लावून: प्रत्येक शॅकल, प्रत्येक छेद, खांब हलतो का, मापपट्टीने मधली काही आणि कडेची सगळी घरं. वर्षातून एकदा बसवणाऱ्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून, आणि तेव्हा वाळू उकरून पाया आणि तळाचे हूक उघडे करून. नवी जाळी पहिल्या काही आठवड्यांत बसते आणि सैल होते. तेव्हा एकदा ताण नीट करून घ्या आणि लगेच परीघ पुन्हा मोजा.

दोर बदलायची वेळ आली हे असं ओळखा. पीळ थोडा उघडून आत बघा: आतले धागे बाहेरच्यांपेक्षा ताजे, चमकदार दिसले तर वरची झीज वरवरची आहे. आतही भुकटी किंवा वाळूची कचकच असेल तर दोर संपला. एखादा पेड अर्ध्याच्या आसपास झिजलेला दिसला तर तो भाग बदला, त्यावर टेप गुंडाळून झाकू नका. तार असलेल्या दोरावर हातमोजा घालून त्यावरून सुती फडकं फिरवा. फडकं अडकलं तिथे तुटकी तार बाहेर आली आहे, आणि तो दोर बदलेपर्यंत जाळी बंद. गंजाचे डाग आवरणातून झिरपताना दिसले तरी तेच. सर्वांत आधी झिजतात वरच्या नळीवरून वळणारे दोर आणि खालून दुसरी ओळ, जिथे प्रत्येक मूल पहिलं पाऊल टाकतं. म्हणून जाळी करून घेताना या दोन जागांचे दोर स्वतंत्रपणे काढता-घालता येतील असे ठेवायला सांगा, आणि त्याच गुंडाळीतला दहा-पंधरा मीटर दोर अंधाऱ्या, कोरड्या खोलीत राखून ठेवा.